तेल कमी झालेलं नाही, तेलात गॅस उतरलाय

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मडगावजवळ मासळीची कोल्ड रूम, उणे १८ अंशांची. दहा एचपीचा सेमी-सील्ड कॉम्प्रेसर, गॅस आर-४०४ए. मासेमारी बंदीच्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, रूम रिकामी होती, म्हणून बिल वाचवायला मेन स्विचच खाली ओढून ठेवला. १ ऑगस्टला मेकॅनिक आला तेव्हा कॉम्प्रेसरची तेलाची पातळी दाखवणारी काच तेलाने काठोकाठ भरलेली होती. मशीन सुरू करताच काचेत दुधासारखा फेस चढला, मिनिटभरात काच रिकामी दिसू लागली आणि थोड्याच वेळात ऑइल प्रेशर स्विचने मशीन बंद पाडलं. त्याने लिटरभर तेल ओतलं. पुन्हा तेच. मग आणखी अर्धा लिटर. आता सुरू होताना ठोके ऐकू येतात आणि मेकॅनिक म्हणतो, ‘गॅस तेलात मिसळलाय, सगळं तेल बदलायला हवं.’ तुमचं म्हणणं असं, की गॅस तो गॅस आणि तेल ते तेल, तो तेलात विरघळेलच कसा? आणि आता तेल आणखी किती घालायचं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते घाईचं आहे. आता एक थेंबही घालू नका, आणि ठोके येत असतील तर मशीन सुरूही करू नका. पहिल्या प्रश्नापुरता तुमचा मेकॅनिक बरोबर आहे. गॅस तेलात खरंच उतरतो आणि भरपूर उतरतो. पण त्यावरून त्याने जो उपाय काढला, आधी तेल घालायचा आणि आता तेल बदलायचा, तो बहुधा चुकीचा आहे. ‘बहुधा’ म्हणतो, कारण त्याने ओतलेलं तेल कुठलं होतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं बरंचसं त्यावर ठरतं. त्याकडे शेवटी येतो.

घरातली मिठाची बरणी आठवा. मिरग लागला की मीठ पाझरायला लागतं. बरणीवर कुणी पाणी ओतलेलं नसतं. मीठ हवेपेक्षा थंडही नसतं. तरी हवेतला ओलावा नेमका मिठातच जातो, शेजारच्या तांदळाच्या डब्यात नाही. याचं कारण असं, की मिठाच्या पाण्यातून वाफ होऊन बाहेर पडायची ओढ साध्या पाण्यापेक्षा कमी असते. बाहेर जाणारं कमी आणि आत येणारं जास्त, म्हणून मीठ ओलावा ओढत राहतं. तुमच्या मशीनमध्ये तेल म्हणजे हे मीठ. आर-४०४ए एकटा, द्रवरूपात, २८ अंशांवर ठेवला तर साधारण साडेतेरा बारचा दाब धरतो. पण तोच तेलात विरघळलेला असला तर त्याच तापमानाला त्याचा दाब कमी असतो. मग पाइपांमधली वाफ तेलाकडे जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत जात राहते. तुमच्याकडे तर दोन महिने होते.

एखाद्या वेळी तेलात किती गॅस राहील याचा हिशेब करायला मी एकच गुणोत्तर वापरतो. क्रँककेसमधला, म्हणजे कॉम्प्रेसरच्या पोटात तेल साठतं त्या जागेतला, प्रत्यक्ष दाब घ्यायचा आणि त्याला तेलाच्या तापमानाला त्या गॅसचा जो स्वतःचा दाब असता त्याने भागायचं. उत्तर शून्याजवळ आलं तर तेलात गॅस किरकोळ. एकाजवळ आलं तर तेलाला भूक अमर्याद. जेवढा द्याल तेवढा घेईल. आता तुमच्याच मशीनचे आकडे घालून बघू. मशीन चालू असताना सक्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसर गॅस ओढतो त्या बाजूचा, दाब गेजवर साधारण एक बार, म्हणजे वातावरणाचा एक बार धरून एकूण दोन बार. तेल ५० अंशांच्या आसपास. ५० अंशांना आर-४०४ए चा दाब २३ बार. दोन भागिले तेवीस म्हणजे ०.०९. म्हणून चालू मशीनमधलं तेल बऱ्यापैकी तेलच असतं, त्यात गॅस काही टक्केच. मशीन बंद करून सगळं एका तापमानाला आलं की दाब साडेतेरा आणि भागायचंही साडेतेरानेच. उत्तर एक. वर तुमचा कॉम्प्रेसर पत्र्याच्या शेडमध्ये, जुलैच्या पावसात ओला, आणि रूम बंद दाराआड थोडी उबदार. म्हणजे सगळ्या मशीनमध्ये थंड जागा कुठली, तर कॉम्प्रेसर. तिथे गॅस विरघळतोच, शिवाय सरळ द्रव होऊन साठतोही.

‘पण लिक्विड लाइनवरचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बंद होता ना?’ असं कुणी विचारेल. होता. तरी दोन वाटा उरतात. बंद करताना इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे रूममधल्या थंड कॉइलमध्ये, जे लिक्विड होतं ते सक्शनच्या पाइपातून निवांत कॉम्प्रेसरकडे येतं. आणि कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलच्या, बाजूचा गॅस डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या (कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पट्ट्यांमधून झिरपतो. त्या पट्ट्या चालत्या मशीनसाठी असतात, साठ दिवसांच्या कुलपासाठी नव्हे.

आता वेगाचा प्रश्न, कारण इथे पुस्तकातलं गणित माणसाला फसवतं. तेलात गॅसचा रेणू नुसत्या विसरणाने, म्हणजे न ढवळता आपोआप पसरत, पुढे सरकतो तो गोगलगायीच्या चालीने. विसरणाचा गुणांक साधारण १०⁻१० ते १०⁻९ चौरस मीटर प्रति सेकंद या घरात येतो. तुमच्या क्रँककेसमध्ये सहा सेंटिमीटर खोल तेल आहे असं धरा. खोलीचा वर्ग भागिले गुणांक असा ढोबळ वेळ काढला तर मधल्या आकड्याने ऐंशी-पंचाऐंशी दिवस येतात. म्हणजे कागदावर बघितलं तर एका रात्रीत फेस येण्याइतका गॅस तेलात उतरणं शक्यच नाही. प्रत्यक्षात मी एका पावसाळी रात्रीत काच अर्ध्यावरून वर चढलेली पाहिली आहे.

याचं कारण मला कळलं ते एका ट्रेनिंगच्या वेळी, काचेच्या जाड नळीत. नळीत खाली पीओई (पॉलिओलेस्टर, कृत्रिम) तेल होतं आणि वरून आर-१३४ए ची वाफ सोडली. पहिली काही मिनिटं काहीच नाही. मग तेलाच्या पृष्ठभागाखालून पारदर्शक रेघा सुटू लागल्या, वळवळत खाली जाणाऱ्या. सरबताच्या पेल्यात साखरेचा खडा टाकल्यावर जशा दिसतात, अगदी तशा. द्रवरूप आर-१३४ए तेलापेक्षा जड, पाण्याच्या सव्वापट. तेल मात्र पाण्याच्या जेमतेम बरोबरीचं. त्यामुळे वरच्या थरात गॅस विरघळला की तो थर जड होऊन खाली बसतो, खालचं कोरं तेल वर येतं, ते गॅस पितं, तेही खाली बसतं. तेल आपणच आपल्याला ढवळत राहतं. रेणूला सहा सेंटिमीटर चालावंच लागत नाही, वरच्या कागदासारख्या पातळ थरापुरतं चाललं की पुरे, पुढचा प्रवास तो बसूनच करतो. तुमचा आर-४०४ए सुद्धा द्रवरूपात तेलापेक्षा जडच आहे, म्हणून तुमच्याकडेही हेच घडलं.

घरगुती फ्रिजमधल्या आर-६००ए ची, म्हणजे आयसोब्युटेनची गोष्ट उलटी. तो द्रवरूपात पाण्याच्या जवळपास निम्म्या वजनाचा. त्याने भिजलेला तेलाचा थर हलका होऊन वरच तरंगतो, ढवळणं होत नाही आणि तिथे खरोखरच विसरणाची गोगलगाय चालते. म्हणून शांत पडलेल्या फ्रिजमध्ये गॅस तेलात उतरायला जास्त वेळ लागतो. आणि कुटबण किंवा मालिमच्या जेटीकडे बर्फाच्या लाद्या पाडणाऱ्या अमोनियाच्या प्लांटवरच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, गॅस तेलात विरघळतो ही भानगडच मला माहीत नाही. तोही खोटं बोलत नाही. अमोनिया मिनरल तेलात जवळजवळ विरघळतच नाही. तेल अमोनियाच्या द्रवापेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं, आणि तिथून ते अधूनमधून काढून टाकणं हेच त्याचं काम. अमोनियावर हात बसलेला मेकॅनिक फ्रिऑनच्या मशीनवर आला की नेमका इथेच गोंधळतो. तुमचा तसा असेलच असं मी म्हणत नाही.

तेलात गॅस विरघळणं हे मुळात दुखणं नाही, हेही सांगून ठेवतो. कॉम्प्रेसरमधून थोडं तेल गॅसबरोबर नेहमीच बाहेर पडतं. उणे २८ अंशांच्या इव्हॅपोरेटरमध्ये नुसतं तेल मधासारखं घट्ट होऊन नळ्यांना चिकटून बसलं असतं. त्यात गॅस विरघळलेला असतो म्हणून ते पातळ राहतं आणि सक्शनमधून परत येतं. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर क्लोरीन असलेले गॅस हळूहळू जाऊन आर-१३४ए, आर-४०४ए आले तेव्हा जुनं मिनरल तेल सोडून पीओई तेलाकडे वळावं लागलं ते याचसाठी. हे नवे गॅस मिनरल तेलात नीट मिसळत नाहीत, मग गेलेलं तेल परत येत नाही. म्हणजे विरघळणं हवंच आहे, फक्त ते इव्हॅपोरेटरमध्ये हवं, क्रँककेसमध्ये नको.

आता १ ऑगस्टला काय झालं ते बघा. काच काठोकाठ दिसली ती तेलाने भरलेली नव्हतीच, तेल आणि गॅसच्या काल्याने भरलेली होती. कॉम्प्रेसर फिरताच क्रँककेसचा दाब साडेतेरावरून मिनिटाच्या आत दोन-तीन बारवर येतो. जे गुणोत्तर एक होतं ते एकदम खाली येतं, आणि तेलाने दोन महिने गिळलेला सगळा गॅस एका दमात बाहेर पडायला बघतो. गोटीसोड्याची गोटी आत ढकलल्यावर होतं तेच, फक्त इथे सोडा चार लिटर आहे आणि त्यात क्रँकशाफ्ट फिरतो आहे. हा फेस सक्शनच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरतो, तेल सोबत घेऊन डिस्चार्जमधून कंडेन्सरकडे जातो. तेलाचा पंप खाली तेल ओढायला जातो तर त्याच्या तोंडात फेस येतो, आणि फेसावर दाब बनत नाही. बहुतेक ऑइल स्विच दीड ते दोन मिनिटं वाट बघतात आणि मग मशीन पाडतात. तुमच्या स्विचने त्याचं काम चोख केलं. कुणी त्याला जंपर मारून मशीन चालवायचं सुचवलं तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवा.

आणखी एक खूण सांगतो, ती हाताने तपासता येते. गॅस तेलातून उकळून बाहेर पडताना तेलाचीच उष्णता घेऊन जातो, त्यामुळे सुरू केल्यावर क्रँककेस गरम होण्याऐवजी थंड पडतो. आपल्याकडच्या दमट हवेत त्याच्या पोटाला मिनिटा-दोन मिनिटांत घाम फुटतो, कधी पांढरं दवही धरतं. काचेत फेस, बाहेर घाम, आणि स्विच पडलेला, अशी तिन्ही लक्षणं एकत्र असली की मी तेलाचा डबा गाडीतच ठेवतो.

फेस दिसतो तरी, पण खरी हानी दिसत नाही ती पातळपणाने होते. ३२ नंबरचं तेल म्हणजे ४० अंशांना त्याची चिकटी ३२ सेंटिस्टोक. त्यात पाचवा हिस्सा गॅस मिसळला की ती आठ-दहाच्या घरात येऊ शकते. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामधला तेलाचा पडदा या चिकटीवरच टिकतो. शिवाय द्रव गॅस बेअरिंगवरचं उरलंसुरलं तेल धुऊन नेतो, रॉकेलने हात धुतल्यासारखं. असं एकदा झालं तर मशीन सहन करतं. दर पावसाळ्यात होत राहिलं तर तीन-चार वर्षांनी बेअरिंग वाजायला लागतं आणि लोक कॉम्प्रेसरच्या कंपनीला शिव्या देतात.

मी हे पुस्तकातून शिकलो असं वाटू नये म्हणून माझीच चूक सांगतो. मी नवा होतो तेव्हा फोंड्याच्या बाजूला एका कारखान्यात पाणी थंड करणारा चिलर होता, आर-२२ या जुन्या गॅसवर. लांबलेल्या सुट्टीनंतर सुरू केला, फेस आला, काच रिकामी झाली. मी तेल घातलं. संध्याकाळपर्यंत दोनदा. दोनदा घातल्यावर काच निम्म्यावर स्थिर झाली आणि मी सही घेऊन घरी गेलो. तेल मात्र कुठेच गेलेलं नव्हतं. ते कंडेन्सरमध्ये आणि चिलरच्या भांड्यात पसरलेलं होतं आणि पुढचे दोन दिवस थोडं थोडं परत येत राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलताना मशीन सुरू झालं तेव्हा सिलिंडरमध्ये तेलच तेल. तेल दाबलं जात नाही, मग काहीतरी तुटतं. व्हॉल्व्हची पोलादी पट्टी, आम्ही तिला रीड म्हणतो, तिचे तीन तुकडे झाले आणि त्यातल्या एकाने पिस्टनच्या डोक्यावर चांदणीसारखा ठसा उमटवला. एक तुकडा अजून माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे. तेव्हापासून माझ्या हाताला सवय लागली आहे, तेलाची बाटली उघडायच्या आधी क्रँककेसवर तळहात ठेवून बघायची.

तुमचे ठोके मला याच गोष्टीची आठवण देतात. मूळचं तेल साधारण चार लिटर असावं, त्यात दीड लिटर नवीन पडलेलं आहे. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांत बाहेर गेलेलं तेल आता परत यायला लागलं असेल. शिवाय क्रँककेसमध्ये अजून द्रव गॅस असणारच. तेव्हा ठोका तेलाचा की गॅसचा, हे आवाजावरून मी सांगू शकत नाही. दोन्ही वाईटच.

तर आत्तापर्यंतचं एका ओळीत एवढंच, की मशीनमधलं तेल कमी झालेलं नाही, ते पसरलेलं आहे आणि गॅसने फुगलेलं आहे. आता काय करायचं ते सांगतो.

आधी क्रँककेस हीटर. या आकाराच्या बहुतेक कॉम्प्रेसरला तो असतो, शंभर वॅटच्या आसपासचा, तळाशी खोचलेला किंवा पट्ट्यासारखा गुंडाळलेला. तो जळलेला आहे का ते मीटरने तपासून घ्या. मी बघतो त्या जुन्या मशीनमध्ये दोनातल्या एकाचा हीटर केव्हाच मेलेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो, कारण तो मेल्याने त्या दिवशी काहीच बंद पडत नाही. चालू असेल तर कॉम्प्रेसर न चालवता निदान एक पूर्ण दिवस हीटर तापवत ठेवा. घाई असली तरी बारा तासांच्या खाली येऊ नका. हीटर नसेल आणि लगेच मिळत नसेल तर क्रँककेसजवळ एक मोठा हॅलोजन दिवा, पावसापासून आडोशाला, चांगल्या वायरीने. ब्लोलॅम्प नको. मी तो लावलेला पाहिला आहे, आणि तेलाने माखलेल्या लोखंडावर ज्योत फिरवणारा माणूस माझ्याच्याने बघवत नाही.

हीटरने काय साधतं आणि काय नाही तेही समजून घ्या. तेल ४५ अंशांवर नेलंत तर तिथे आर-४०४ए चा स्वतःचा दाब साडेवीस बार. पाइपांमध्ये साडेतेरा. गुणोत्तर एकवरून ०.६६ वर आलं. द्रव गॅस क्रँककेसमध्ये राहणार नाही, फेस बराच कमी होईल, पण तेल कोरं होणार नाही. म्हणून पहिल्यांदा सुरू करताना सलग चालवू नका. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, चार-पाच मिनिटं काच बघा, पुन्हा. असं तीन-चार वेळा. त्याहून जास्त नको, मोटरलाही एका तासात किती वेळा उठायचं याची मर्यादा आहे. काही जण सक्शनचा व्हॉल्व्ह जवळपास मिटून मशीन सुरू करतात. पाइपातून लिक्विडचा लोंढा येत असेल तर ते ठीक, पण तेलात गॅस असताना तसं केलं तर क्रँककेसचा दाब आणखी झपाट्याने पडतो आणि फेस दुप्पट. मी आधी तापवतो, मग सुरू करतो. व्हॉल्व्हशी खेळ शेवटी.

मशीन धरलं की अर्धा तास कुणी तिथून हलू नये. फेस कमी होत जायला हवा आणि क्रँककेस हाताला कोमट लागायला हवा. अर्ध्या तासानंतरही फेस तसाच आणि क्रँककेस गार, तर मग आजार वेगळा. चालू मशीनमध्येच इव्हॅपोरेटरकडून लिक्विड परत येतंय. एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा (इव्हॅपोरेटरमध्ये लिक्विड मोजून सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा) बल्ब सुटलेला असेल, आतला पंखा बंद असेल, किंवा कॉइल बर्फाने गच्च असेल. तिथे हीटरचा काही उपयोग नाही.

सगळं ठीक चाललं, रूमचं तापमान खाली गेलं, मगच काचेकडे तेलाच्या मापासाठी बघायचं. माझ्या मते एक पूर्ण दिवस चालल्यानंतरची पातळी तेवढी खरी. काचेच्या मध्यावर असली तर छान. तुमच्याकडे ती वर असण्याची शक्यता जास्त, तेव्हा जादाचं तेल काढून घ्यावं लागेल. काढलेलं तेल मोजून बाटलीत ठेवा. रंग मधाचा असेल आणि ॲसिड टेस्टमध्ये काही निघालं नाही तर केवळ गॅस मिसळला म्हणून तेल बदलायची गरज नाही. गॅस निघून गेला की तेल पुन्हा तेल.

आता ते राहिलेलं ‘बहुधा’. मेकॅनिकने घातलेलं दीड लिटर तेल पीओई असेल आणि नव्या, सीलबंद डब्यातलं असेल तर वरचं सगळं लागू. पण ते मिनरल असेल, जुन्या आर-२२ च्या मशीनसाठी गाडीत पडलेलं, तर मग मेकॅनिकचं ‘सगळं बदला’ खरं ठरतं, भले त्याचं कारण चुकलेलं असो. आर-४०४ए च्या मशीनमध्ये मिनरल तेल पाच टक्क्यांच्या वर नको असा आमच्यात दंडक आहे. तुमच्याकडे ते पाव हिश्शाच्याही पुढे जाईल. ते द्रव गॅसमध्ये विरघळणार नाही, वेगळा थर धरेल, इव्हॅपोरेटरमध्ये गेलं की तिथेच बसेल. तेव्हा तेल काढून, नवं भरून, चालवून, पुन्हा काढून, असं बहुधा तीनदा धुवावं लागेल.

आणि तेल पीओईच असलं तरी डबा कधी उघडलेला होता हे विचारा. पीओई हवेतलं पाणी मिनरल तेलाच्या कित्येक पट ओढतं, आणि आपला ऑगस्ट कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. पाणी मिळालं की त्या तेलातूनच ॲसिड बनतं. व्हॅक्यूम लावून हे पाणी निघत नाही, ते तेलाशी बांधलेलं असतं. मी पावसाळ्यात पीओईचा लिटरचा पत्र्याचा डबा घेतो, तिथेच उघडतो, उरलं तर ते दुसऱ्या मशीनसाठी ठेवत नाही. प्लास्टिकच्या कॅनमधलं घेतच नाही, प्लास्टिकमधूनही ओल आत जाते. शंका असली तर निदान ड्रायर (पाइपातला ओल शोषणारा फिल्टर) बदलून घ्या आणि पंधरा दिवसांनी ॲसिड टेस्ट करा.

पुढच्या ३१ मेला मात्र नुसता मेन स्विच ओढू नका. आधी पंप डाउन करा. रिसीव्हरचा, म्हणजे द्रव गॅस साठवणाऱ्या टाकीचा, व्हॉल्व्ह बंद करून मशीन चालू ठेवायचं, म्हणजे सगळा गॅस कंडेन्सर आणि रिसीव्हरमध्ये गोळा होतो. सक्शनची बाजू व्हॅक्यूममध्ये जाऊ देऊ नका, किंचित दाब राहू द्या, नाहीतर कुठे बारीक गळती असली तर पावसाळी हवा आत ओढली जाईल. रिसीव्हर द्रवाने गच्च भरता कामा नये, वर पाचवा हिस्सा तरी मोकळा. मग मशीन थांबवून कॉम्प्रेसरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून डिस्चार्जच्या व्हॉल्व्हवर लाल चिठ्ठी बांधा, कारण ऑगस्टमध्ये तो न उघडता कुणी मशीन सुरू केलं तर जे होईल त्यापुढे फेस बरा. सक्शनच्या बाजूला उरलेला एकूण दाब दोन बारच्या आत असला तर थंड, २८ अंशांच्या तेलासाठीही गुणोत्तर ०.१५ च येतं. हीटरवाल्या ०.६६ शी ताडून बघा. म्हणून मला विचाराल तर लांबच्या सुट्टीत पंप डाउन हाच खरा बंदोबस्त, हीटर त्याच्या मदतीला. चालवायच्या आदल्या दिवशी वीज जोडून हीटर सुरू करायचा, एवढं केलं की झालं.

मध्येच पावसात वीज जाते त्याची फार चिंता करू नका, निदान तुमच्या उणे १८ च्या रूमला. तास-दोन तास वीज गेली तर इव्हॅपोरेटरच सगळ्यात थंड असतो, त्याच्याकडचा दाब कमी असतो आणि गॅस तिथेच राहतो. रात्रभर गेली आणि रूम बरीच तापली तर मात्र सकाळी वीज आल्याआल्या मशीन आपोआप उठू देऊ नका. कॉम्प्रेसरचा स्विच बंद ठेवून आधी हीटर तापू द्या. मासळी तोवर बर्फात काढून ठेवावी लागेल, त्याला इलाज नाही.

तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय ते आज मेकॅनिकला विचारून कळवा, आणि हीटरच्या दोन टोकांमध्ये मीटर किती ओहम दाखवतो तेही.